पेटीतली करडगी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो दबक्या पावलांनी. बसवकल्याणच्या बसस्टँडकडून पहिल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे, खाली दूधवाल्याची मोटारसायकल थांबायची, समोरच्या हॉटेलात कढईत मिरच्या पडल्याचा चर्र आवाज व्हायचा; पण दुकानावरच्या आमच्या तीन खोल्यांत मात्र कुणी भांडंसुद्धा आदळायचं नाही, कारण अव्वा, म्हणजे माझी आई, पूजेला बसलेली असायची. अंघोळ करून ती मागच्या खोलीत जायची, दार लावायची, आतून कडी घालायची. तेवढा वेळ टीव्ही बंद, मिक्सर बंद, माझा फोन मुका. अप्पा पेपरचं पान उलटतानासुद्धा एक कोपरा धरून हळूच उलटायचे. त्यांचा चहा अव्वा बाहेर आल्यावरच. ती बाहेर यायची तेव्हा कपाळावर विभूतीची बोटं असायची आणि चेहरा झोप पुरी झालेल्या माणसासारखा टवटवीत. मग एकदम घराला आवाज फुटायचा. भाकरी थापल्याचा, शेंगाचटणी कुटल्याचा, अप्पांच्या खोकल्याचा.

अप्पांचं खाली बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला तुरीची पिशवी देता देता ते सांगायचे, "आमच्या मंडळीची पूजा झाल्याबिगर मी चहा बी घेत न्हाई. एवढं कडक हाय आमच्याकडं." मी शिकून परत आले त्या वर्षी कलबुर्गीच्या दवाखान्यात अव्वाच्या पित्ताशयातले खडे काढले. टाके ओले असतानाही ती भिंतीला धरत धरत मागच्या खोलीत गेली आणि कडी लावून बसली. अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ही गोष्ट सगळ्या बाजाराला पाठ झाली.

आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं. आमच्यात लहानपणीच गुरूंकडून, म्हणजे अय्यांकडून, प्रत्येकाला एक लिंग मिळतं, मुलगा असो की मुलगी. सुपारीएवढं, वरून काळं, गुळगुळीत, चकाकणारं. ते कापडात गुंडाळून चांदीच्या डबीत ठेवायचं आणि डबी दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. त्या डबीला करडगी म्हणतात. पूजेच्या वेळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. माणूस गेलं की लिंग त्याच्या हातात देऊन त्याच्यासोबतच मातीत ठेवतात. करडगी तेवढी घरात उरते. माझं लिंग मी होस्टेलला जाताना कपाटात ठेवलं, ते तिथंच राहिलं. अव्वा त्यावरून मला एका शब्दानं बोलली नाही. ती मनातून दुखावली असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि तिथं मुख्यत्वे गप्प राहायला शिकले. घरी मराठी, आज्जीशी कन्नड, बाजारात दक्खनी, शाळेत इंग्रजी. प्रत्येक ठिकाणी बोलण्याआधी वाक्य मनात एकदा तपासून बघायची सवय लागली आणि तपासून होईपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. हैदराबादला संग्रहालयशास्त्र शिकून परत आले तेव्हा गावातल्या एका लहानशा संग्रहालयात मला काम मिळालं. तिथं बोलावं लागणार नाही, वस्तू गप्प असतात, असा माझा हिशेब होता. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं की मला शाळांमध्ये जायचं आहे.

मॅडम हैदराबादच्या. निवृत्त झाल्यावर हौसेनं इथं आल्या होत्या. माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या, बाकी सगळ्यांशी दक्खनीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. संग्रहालयात आलेलं मूल काचेपुढं उभं राहतं, काचेत स्वतःचे केस बघतं आणि पुढं चालतं. म्हणून काचेतल्या वस्तूंपासून वेगळा असा हाताळणीचा संग्रह करायचा. त्यातल्या वस्तू मुलांनी हातात घेण्यासाठीच असतील. त्या झिजतील, एखादी फुटेल, ते आपण आधीच मान्य करायचं. एका पत्र्याच्या पेटीत त्या बसवायच्या आणि पेटी शाळेत न्यायची. वस्तूचं नाव आधी सांगायचं नाही. वजन बघा, वास घ्या, वाजवून बघा, कुठं झिजलंय ते शोधा, कुणाच्या हातात असेल ते सांगा. नाव अगदी शेवटी. मी घाबरले होते, पण पहिल्याच वर्गात माझ्या लक्षात आलं की या पद्धतीत शिकवणाऱ्यानं जवळजवळ गप्पच बसायचं असतं. हे काम माझ्यासाठीच कुणीतरी बेतलं होतं.

वस्तू मात्र दारोदार फिरून मागाव्या लागल्या. एका काकूंनी चुलीची फुंकणी दिली आणि म्हणाल्या, "ह्याच्यात काय बगायचं हाय त्यांना? आमची फुप्पुसं गेली की ह्याच्यात." चौकातल्या पानवाल्या चाचांनी पितळी चुनाळं दिलं आणि काळजीनं विचारलं, "बच्चे चूना चाटे तो?" धान्य मोजायची अधोली मिळाली, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ मिळाली, फुटकी दगडी पाटी मिळाली, बिदरी कामाच्या हुक्क्याचं नुसतंच बूड मिळालं. रात्री जेवताना मी हे सगळं सांगत होते, कारण त्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं. ताटात हुग्गी होती, गव्हाची, गूळ जरा जास्त पडलेली. अप्पा म्हणाले, "आमच्या आईची करडगी हाय की. नुसती पडून हाय खणात. लेकरं बगतील तरी, आपल्यात काय असतंय."

मी अव्वाकडे बघितलं.

"दे की," ती म्हणाली. "पडून राहून काय करायचंय."

आज्जीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. अप्पांनीच देवाच्या कपाटातला खण ओढला, करडगी दोन्ही हातांनी काढली, डोळ्यांना लावली आणि माझ्या ओंजळीत दिली. मी झाकण उघडायला गेले, तसा त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. आईच्या हातचं लागलेलं झाकण हाय. आत काय असणार? जे होतं ते तिच्यासंगं गेलं."

मी उघडली नाही. संग्रहालयात मॅडमनीही हलवून बघितली. काही वाजलं नाही. झाकण फार घट्ट होतं. मॅडम म्हणाल्या, न उघडणारं झाकण चांगलं, आत काय असेल यावर मुलं बोलत राहतील. आता माझ्या हाताखाली नव्या मुली काम शिकायला येतात. त्यांना मी पहिलं हेच सांगते की घरून आणलेली वस्तू आधी उघडा. परक्याच्या वस्तूला आपण शंभर प्रश्न विचारतो, घरच्या वस्तूबद्दल आपल्याला सगळं ठाऊकच असतं. त्या मान डोलावतात. का सांगते हे मी त्यांना सांगत नाही.

करडगी पेटीतली लाडकी वस्तू झाली. औरादकडच्या शाळांत मुलांनी तिला तपकिरीची डबी म्हटलं, सोनाराचं वजन म्हटलं, तान्ह्या बाळाचा बिघडलेला खुळखुळा म्हटलं. एका मुलानं ती कानाला लावून बराच वेळ ऐकलं आणि मोबाईलच्या आधीचा मोबाईल असल्याचं जाहीर केलं. ती या हातातून त्या हातात जायची, घामानं ओली व्हायची, मी पुसून परत पेटीत तिच्या खाचेत बसवायचे. काही आठवडे असे गेले. मला त्या आठवड्यांइतकं सुख आधी कधी झालं नव्हतं.

मग हुलसूर. सातवीचा वर्ग. मुलं जमिनीवर सतरंजीवर बसली होती आणि मी पाच-सहा जणांचे घोळके करून एकेका घोळक्यापुढं एकेक वस्तू ठेवली होती. वर्गाचे सर दारात खुर्ची टाकून बसले होते. करडगी ज्या घोळक्यात गेली तिथं महादेवी नावाची मुलगी होती, दोन घट्ट वेण्या, आवाज हेडमास्तरांसारखा. तिनं बघताक्षणी सांगितलं, "ही करडगी हाय. माझ्या आज्जीची अशीच हाय." मला आनंदच झाला. मी म्हटलं, बाकीच्यांना सांग की ही कशी वापरतात. ती सांगू लागली. शेजारचा मुलगा म्हणाला, "उघडतच न्हाई की ही." महादेवी म्हणाली, "तुला काय येतंय? दाबून फिरवायचं असतंय, मंग ओढायचं." आणि तिनं दाबलं, फिरवलं, ओढलं.

झाकण निघालं. आत पांढऱ्या कापडाची घडी होती. तिनं घडीचं एक टोक उचललं आणि ती थांबली. मी दोन हातांवर उभी होते. मला काळी चकाकी दिसली.

"टीचर," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "आत हाय."

"काय आहे?"

"आत हाय की!"

वर्गात घुंगरमाळ वाजत होती, ती थांबली. बाकीचे घोळके उठून आले. महादेवीनं करडगी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. खाली ठेवायला ती तयार नव्हती आणि माझ्याकडे द्यायलाही.

"कुणाचं हाय टीचर?"

"माझ्या आज्जीची करडगी आहे ती," मी म्हटलं.

"आज्जी कुठं हाय?"

"वारली."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. त्या वर्गातल्या कितीतरी मुलांना जे ठाऊक होतं ते मला अजून सुचलं नव्हतं. महादेवीच म्हणाली, "मंग हे हितं कामून हाय? माझ्या आजोबाच्या हातात दिलंय की. मी बगितलंय."

"देयाला इसरले असतील," मागून एक मुलगा म्हणाला आणि कुणीतरी फिसकन हसलं.

"हसायलास कामून? गप बस!" महादेवी ओरडली. तिचे डोळे भरले होते.

सर उठले. त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या, मग वर्गात आले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त हळू म्हणाले, "मॅडम, असं आणायचं नसतंय." माझ्या तोंडून एकही भाषा निघाली नाही. मी हात पुढं केले. महादेवीनं करडगी बंद करून माझ्या हातात ठेवली आणि बजावलं, "पेटीत ठिवू नका टीचर. बेंबीच्या खाली जाऊ देऊ नका."

म्हणून हुलसूरपासून बसवकल्याणपर्यंत मी बसमध्ये उजवा हात छातीशी घट्ट धरून बसले. पेटी पायाशी होती आणि गाडी खड्ड्यात गेली की आतली अधोली चुनाळ्यावर आपटत होती. कंडक्टर आला तर मला पर्स उघडता येईना. शेजारच्या बाईनं माझ्या मुठीकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिनंच माझी पर्स उघडून त्याला पैसे दिले. "काय लागलंय का हाताला?" तिनं विचारलं. मी मान हलवली. माझ्या डोक्यात एकच होतं. आज्जी रिकाम्या हातानं मातीत गेली. ती कडक बाई होती. आजारपणातही लिंगाला पाणी घातल्याशिवाय घोटभर पाणी प्यायली नाही. आणि आमच्या घरच्या माणसांनी तिला तसंच ठेवलं आणि वर माती लोटली. हे अप्पांना कळलं तर ते कसे जगतील, आणि त्यांना आधीच माहीत असेल तर मी त्यांच्याकडे कसं बघू.

घरी पोचले तेव्हा अप्पा जेवायला वर आले होते. अव्वा त्यांच्या ताटात एण्णेगायी, भरली वांगी, वाढत होती. तिळाचा आणि शेंगदाण्याचा वास जिन्यातच आला. पेटी दारात ठेवून मी तशीच उभी राहिले.

"अप्पा, आज्जीला मातीत ठेवताना तिच्या हातात लिंग दिलं होतं का?"

"म्हंजे?" घास हातातच राहिला. "ह्यो काय प्रश्न झाला?"

"दिलं होतं का?"

"मी सोत्ता दिलोय. ह्या हातानं. तिची बोटं मिटत नव्हती, अय्यांनी मिटवून धरली. सगळी भावकी हुबी होती. कामून? कोण काय म्हणालं?"

मी मूठ उघडली आणि महादेवीनं दाखवलं तसं झाकण काढलं. अप्पा उष्ट्या हातानंच उठले, जवळ आले, मग उष्टा हात आठवून मागं सरले. "हे कुणाचं?" ते म्हणाले. "शिल्पी, हे कुणाचं हाय?"

मला काय माहीत, असं मी म्हणणार होते. पण अव्वाच्या हातातली पळी वाजली. ती आमच्याकडे बघत नव्हती. तिनं पदराआडून स्वतःची करडगी बाहेर काढली, गळ्यातच धरून दाबली, फिरवली, ओढली. आत कडेला थोडी जुनी विभूती चिकटली होती. बाकी काही नव्हतं.

मग अप्पांना आठवत गेलं, तुकड्यातुकड्यांनी. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी नर्सनं अव्वाच्या गळ्यातला दोरा कात्रीनं कापला होता. करडगी त्यांनी रुमालात बांधून घरी आणली आणि देवाच्या खणात ठेवली, आज्जीच्या शेजारी. दोन्ही एकाच सोनाराकडच्या, सासूनं सुनेसाठी आपल्यासारखीच घडवून घेतलेली. अव्वा घरी आली तेव्हा नवा दोरा आणून त्यांनी स्वतः तो ओवला होता आणि स्वतः तिच्या गळ्यात बांधला होता. "मीच बांधलो," ते म्हणाले. "आईची रिकामी तुला बांधलो अन् तुझी..." आणि मग त्यांना चक्क हसू आलं, सुटल्यासारखं. आज्जीच्या हातात लिंग होतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं. दोन डब्यांची अदलाबदल, एवढंच. मलाही रडू यायच्या बेतात होतं.

आणि तेवढ्यात अप्पांचं हसणं जागच्या जागी थांबलं. तो विचार त्यांच्यापर्यंत पोचताना मी बघितला. माझ्यापर्यंत तो त्याच क्षणी पोचला.

"मंग तू," ते म्हणाले, "रोज सकाळी..."

अव्वानं झाकण लावलं. "बसते."

"बसते म्हंजे?"

"बसते. कायी करत न्हाई. बसते."

"ऑपरेशन झाल्यापासनं?"

तिनं हो म्हटलं असतं तर ते तिथंच मिटलं असतं. दुखणं होतं, अशक्तपणा होता, अप्पांनी स्वतःहून कारणं शोधून दिली असती. मी मनात म्हणत होते, अव्वा, हो म्हण. माझा सगळा जन्म मी असंच केलं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "शिल्पी पाळण्यात होती तवापासनं. आदी करत होते, सासूबाईंनी शिकवलं तसं सगळं. एक दिवस लई थकले होते. डबी उघडलीच न्हाई. डोळे मिटून बसले. कुणी हाक मारली न्हाई, कुणी दार वाजवलं न्हाई. लई बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बी तसंच केले. तुमच्या घरात आतनं कडी लागणारं तेवढंच एक दार हाय."

अप्पा ताटाकडे बघत होते. एण्णेगायीचं तेल कडेला साचलं होतं. "अन् मी भाईर बिनचहाचा बसायलो," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं."

"मी कवा म्हणलं बसा म्हणून?"

ते हात धुऊन खाली गेले. त्यांचा राग मला ठाऊक होता. त्याला आवाज असायचा, शटर आपटायचं, नोकराच्या नावानं हाक यायची. त्या दिवशी खालून काहीच ऐकू आलं नाही. मी वरून वाकून बघितलं तर ते गल्ल्यापाशी बसले होते आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाकडे, तो काय मागतोय ते समजत नसल्यासारखे, बघत होते.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, "तुझी आई ठीक आहे ना?" आणि म्हणाल्या की ही वस्तू पेटीत राहावी की नाही हे आता आईनंच ठरवायचं. मी वळले तर अव्वा जेवत बसली होती, अप्पांच्याच ताटात, सावकाश. आमच्या घरात इतकं सावकाश जेवताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल, किंवा निदान माझ्या नजरेला नजर देणार नाही. ती म्हणाली, "लेकरं काय म्हणाली?"

"कोणती लेकरं?"

"शाळंतली. हातात घेऊन काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. तपकीर, सोनाराचं वजन, खुळखुळा. कानाला लावणारा मुलगा सांगितला तेव्हा तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. महादेवीचं ऐकून मात्र ती गंभीर झाली. "ती पोरगी भ्याली असंल. परत जाशील तवा तिला सांग, ज्याचं हाय ती बाई जित्ती हाय म्हणून." मग तिनं हात धुतले आणि डावा तळहात पुढं केला. मी तिचं लिंग त्यावर ठेवलं. तिनं ते बराच वेळ बघितलं, बसमध्ये एखादी माहेरची ओळखीची बाई भेटावी तसं. कापड बदललं, आपल्या करडगीत ठेवलं, गळ्यात बांधलं. आज्जीची करडगी चिंचेनं घासून, उघडून, आत बोट फिरवून माझ्याकडे दिली. "ही ने. ह्यात कायी न्हाई, मी बगितलंय."

संध्याकाळी अप्पा वर आले. खुर्चीत बसले. बोलायचं ठरवून आल्यासारखे म्हणाले, "अय्यांना इचारावं लागंल. कुणाकुणाचे हात लागलेत त्याला."

"लेकरांचेच की. बसवजयंतीला माईकवर काय बोलता तुमी? सगळे एक, सगळे एक."

माझ्या वडिलांना मी त्या दिवशी जितकं बघितलं तितकं आधी कधी बघितलं नसेन. मोठा, बोलका माणूस. पण हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "हात लागल्याचं न्हाई गं," ते शेवटी म्हणाले. "मी सगळ्या बाजाराला सांगितलोय. आता लोकांनी इचारलं तर काय सांगू?"

अव्वा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. "हे गळ्यात राहू दे. मी गेले की माझ्यासंगं द्या, इसरू नका. पर मला रोज त्याच्यापुढं बसायला लावू नका. अन् मी खोटं दार लावून बी बसणार न्हाई आता. मला सकाळचा तेवढा येळ पायजे. तुमी कसं सांगायचं ते तुमी बगा."

अप्पांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कुणी फार काही खाल्लं नाही. मला वाटत राहिलं की सकाळी ती उठेल, अंघोळ करेल आणि मुकाट्यानं मागच्या खोलीत जाईल. मोठ्यांच्या बोलण्यातलं बरंचसं रात्रीत विरघळतं, हे मी त्या घरातच शिकले होते.

सकाळी ती अंघोळ करून आली, केस मोकळेच. तिनं मागच्या खोलीकडे बघितलंही नाही. प्लॅस्टिकची एक खुर्ची उचलली, रस्त्यावरच्या गॅलरीत नेऊन ठेवली आणि बसली. हातात काही नव्हतं, शेंगा नाहीत, भाजी नाही, जपमाळ नाही. समोर हॉटेलवाला चकित होऊन बघत होता. बसस्टँडकडून एक गाडी गेली, तिच्या खिडकीतल्या माणसांनीही वर बघितलं. तीस वर्षांत अव्वाला भर रस्त्यावर रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. अप्पा पेपर घेऊन मधल्या खोलीत उभे होते, गॅलरीच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. मग काही न बोलता ते खाली उतरले. शटर वर जाताना ऐकू आलं.

पहिलं गिऱ्हाईक कोहिनूर गावाकडचं होतं, अप्पांच्या ओळखीचं, मोठ्या आवाजाचं. त्यानं रस्त्यावरूनच मान वर करून बघितलं. "काय हो मालक, वैनी वर काय करायल्यात? बरं-बिरं न्हाई का?"

अव्वानंही ऐकलं असणार. पण ती हलली नाही.

मग खालून अप्पांचा आवाज आला, घसा खाकरून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा.

"कायी न्हाई. बसल्यात."